धुक्याच्या वर दोनशे मीटर: रायगड, रसाळगड आणि बाणकोटची खाडी

मोहोराच्या दिवसांत धुई पडली की आंबेवाला कपाळाला हात लावतो. तुडतुडे वाढतात, भुरी धरते, फवारणीचा खर्च चढतो. फोटोवाले मात्र त्याच धुईसाठी पहाटे चारला उठतात. म्हणून बागेच्या कडेला गाडी लावून "काय मस्त धुकं पडलंय" असं मोठ्यानं बोलू नये, एवढं पथ्य कोकणात पाळावं.

ढगांच्या समुद्रातून वर आलेले डोंगर पावसाळ्यात मिळतील, हा पहिला गैरसमज. जून ते सप्टेंबर ढगांचा तळच डोंगरमाथ्यांवर टेकलेला असतो. किल्ले ढगांच्या आत असतात, वर नसतात. हवं ते चित्र मिळतं दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत. तेव्हा भातकापणी झालेली असते, पण जमीन अजून ओली असते, ओढे वाहत असतात, रात्री आकाश निरभ्र असतं. जमिनीची उष्णता वर निघून जाते, लगतची हवा गार होऊन उताराला लागते आणि नदीच्या खोऱ्यात साठते. तिथं दवबिंदूच्या (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या) खाली उतरली की धुकं धरतं. वर उबदार हवेचं झाकण असतं, म्हणून धुक्याचा माथा इस्त्री केल्यासारखा सपाट राहतो. फेब्रुवारीपासून भाजावळी (पालापाचोळा जाळून रोपांची जमीन भाजणं) सुरू होतात, राब जळायला लागतात, आणि पांढऱ्याऐवजी मातकट करडा थर दिसतो. तोवर हंगाम संपलेला असतो.

हा पाच दिवसांचा दौरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, दत्तजयंतीच्या आगेमागे. पौर्णिमा मुद्दाम धरली, कारण मावळतीचा चंद्र पहाटे धुक्यावर उजेड टाकतो. बाकी सगळं नियोजन एकाच आकड्याभोवती होतं: धुक्याच्या माथ्याची समुद्रसपाटीपासून उंची. किल्ला किती उंच हे दुय्यम. आपण त्या थराच्या किती वर उभे राहतो, यावर फोटो ठरतो.

दिवस पहिला: महाड, पाचाड, रायगड

रेल्वेनं येणाऱ्यांना वीर स्टेशन सोयीचं. महाडहून पाचाड साधारण २५ किलोमीटर. रोपवेची पहिली फेरी सूर्योदय होऊन गेल्यावरच असते, त्यामुळे पहाटेचे फोटो हवे असतील तर आदल्या संध्याकाळी वर पोहोचून मुक्काम करण्याला पर्याय नाही. गडावर खोल्या मोजक्याच आहेत आणि सुट्टीच्या दिवसांत भरलेल्या असतात. आधी फोन करून जागा पक्की करावी.

रायगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि ड्रोन परवानगीशिवाय पिशवीबाहेरच काढायचा नाही. यावरचा साधा उपाय म्हणजे कापडी पिशवीत दीड-दोन किलो तांदूळ. पिशवी पाऊणच भरायची, गच्च नाही. मग ती दगडावर बसते, मधे खळगा करून कॅमेरा त्यात रुततो, आणि २ सेकंदांच्या टायमरवर ३० सेकंदांचं एक्स्पोजरही (शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं तरी) हलत नाही. तांदूळ महाडात घ्यावेत. परत आल्यावर भात होतो.

खरं काम दुपारी खालीच होतं. धुकं खोऱ्यात पडणार, तेव्हा मोजमाप खोऱ्यात घ्यायचं, गडावर नाही. महाडात सावित्रीच्या काठी, सावलीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर तापमान-आर्द्रतेचा छोटा मीटर दहा मिनिटं टांगला. चार वाजता तापमान २९ अंश, आर्द्रता ५५ टक्के. दवबिंदू काढायची ढोबळ रीत अशी: शंभरातून आर्द्रता वजा करा, उत्तराला पाचनं भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. इथं ४५ भागिले ५ म्हणजे ९, आणि २९ वजा ९ म्हणजे २०. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तोवर ही रीत पुरेशी जमते. रात्रीचं किमान तापमान १६ अंश सांगितलं होतं, म्हणजे दवबिंदूच्या ४ अंश खाली. निदान दोन अंशांचा फरक हवा, इथं दुप्पट होता.

दुसरी अट वारा. ताशी १० किलोमीटरच्या वर गेला की वरची कोरडी हवा खाली घुसळली जाते आणि धुकं धरत नाही. पण वारा अगदी शून्य असला तरी फसगत होते. मग फक्त गवतावर दंव पडतं आणि धुक्याचा जेमतेम कमरेएवढा पट्टा शेतात लोळतो. ताशी २ ते ७ किलोमीटर हे मधलं माप चांगलं. तिसरी अट आकाश. रात्री उंचावर ढगांची पातळ चादर आली तरी जमीन गार होत नाही, पांघरूण घातल्यासारखं होतं.

उपग्रहाच्या चित्रांवर फार विसंबू नये. इन्सॅट मालिकेतल्या हवामान उपग्रहांची रात्रीची अवरक्त चित्रं साधारण ४ किलोमीटरच्या ठिपक्यांची असतात. गंगेच्या मैदानातलं धुकं त्यात छान दिसतं. रायगडाखालचं काळ नदीचं खोरं त्या ठिपक्यापेक्षा अरुंद आहे. चित्रात काही दिसलं नाही म्हणजे खाली धुकं नाही, असा अर्थ काढून झोपून राहिलेले पुष्कळ आहेत.

संध्याकाळी गडावर जागा पाहून ठेवल्या. डिसेंबरात सूर्य ११४ अंशांवर उगवतो, म्हणजे नेमक्या पूर्वेच्या जवळपास २५ अंश दक्षिणेला. जगदीश्वराच्या मागच्या बाजूनं भवानी टोकाकडे जाताना लिंगाणा समोर येतो आणि सूर्य त्याच्या बराच उजवीकडे राहतो. लिंगाण्याला बाजूनं उजेड मिळतो, सुळक्याची एक कड उजळते, दुसरी काळी राहते. सूर्य अगदी मागे हवा असेल तर विषुवदिनाच्या आसपास यावं लागेल. पण मार्चात धूसर हवा असते आणि सप्टेंबरात पाऊस. डिसेंबरचा बाजूचा उजेडच बरा.

दिवस दुसरा: रायगड, लिंगाण्याची बाजू

पहाटे पाचला चंद्र पश्चिमेला कललेला, खाली काळ नदीचं खोरं दुधानं भरल्यासारखं. जगदीश्वराच्या फरसबंदीवर दंव होतं. हिरोजी इंदुलकरांच्या नावाची पायरी पाहायला वाकणाऱ्यांनी बुटांचे तळवे आधी पाहावेत. गुळगुळीत दगड ओला झाला की रबराचा जुना तळवा त्यावर टिकत नाही.

चांदण्यातल्या धुक्यासाठी एफ ४ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता), २० ते ३० सेकंद. ३० च्या वर गेलं तर तारे रेघा होतात आणि धुक्याचा पोत पुसला जातो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा चांदण्याचा निळेपणा धुऊन काढतो. ५२०० केल्विनवर पक्का करून टाकावा आणि सकाळ संपेपर्यंत हात लावू नये.

फोकस ही खरी डोकेदुखी. धुक्यावर ऑटोफोकस पुढेमागे धावत राहतो, कारण त्याला धरायला कडच नसते. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, दहा पट मोठं करून दूरच्या कड्याची आकाशाला भिडलेली धार हातानं फोकस करायची आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावायची. लांबचं जवळ आणणाऱ्या ७०-२०० च्या लेन्सला २०० मिलिमीटर, एफ ८ वर साधारण १७० मीटरच्या पुढचं सगळं नीट येतं. तेव्हा समोर झुडूप घ्यायचा मोह टाळावा. २४ मिलिमीटरवर तेच अंतर अडीच मीटरवर येतं, तिथं दगड, तटबंदी, गवत खुशाल घ्या.

उजेड इथं दोन हप्त्यांत येतो, हे नवख्याला माहीत नसतं. सूर्योदय ६.५३ चा. साडेसहापासून आकाश तांबडं व्हायला लागतं, रंग सगळ्यात गडद सूर्य यायच्या पाच-दहा मिनिटं आधी. सूर्य सह्याद्रीच्या धारेवरून दोन-चार मिनिटं उशिरा दिसतो. या वेळी गडावर ऊन येतं, पण खालचं धुकं अजून सावलीत, निळसर आणि सपाट. पूर्वेला घाटमाथ्याची भिंत आहे आणि धुकं तिच्या पायथ्याशी. भिंत ओलांडून ऊन धुक्याच्या माथ्यावर पोहोचायला अर्धा तास लागतो. ७.२० च्या सुमारास लिंगाण्याच्या खालच्या बाजूनं पहिली पिवळी तिरीप धुक्यावर आडवी पडली आणि तोवर सपाट दिसणाऱ्या थरावर एकाएकी लाटा उठल्या. तेव्हाच खरं चित्र सुरू होतं. निम्मे लोक सूर्य वर आला म्हणून त्याआधीच चहाला निघून गेलेले असतात.

एक्स्पोजरचं गणित बर्फासारखंच आहे. फ्रेमभर पांढरं दिसलं की मीटर त्याला करडं करायला जातो. सावलीतल्या धुक्याला दोन तृतीयांश ते सव्वा स्टॉप जास्त द्यावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ऊन पडल्यावर मात्र उलटं. उन्हातली एक लाट जळाली की तिथं कागद उरतो, रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमध्येही काही सापडत नाही. लाल चॅनेलचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा पाहावा. पहाटेच्या उजेडात पांढऱ्या आलेखाच्या आधी लाल जळतो.

आता या जागेची अडचण. गड साधारण ८२० मीटर, धुक्याचा माथा त्या दिवशी ३५० च्या आसपास. म्हणजे आपण ४७० मीटर वर. तीन किलोमीटरवरच्या धुक्याकडे पाहताना नजर जवळपास ९ अंश खाली झुकते. एवढ्या वरून लाटा एकमेकींआड जात नाहीत, थर गादीवरच्या चादरीसारखा पसरट दिसतो. उपाय दोन: लांबची लेन्स घेऊन दहा-बारा किलोमीटरवरच्या धारा धरायच्या, तिथं नजरेचा कोन आपोआप कमी होतो. नाहीतर दुसरी जागा शोधायची. राजगड-तोरण्याच्या बाजूच्या धारा १५० ते २०० मिलिमीटरवर एकीमागे एक बसतात. रुंद लेन्सनं काढलेले या सकाळचे सगळे फोटो चादरीचेच निघाले.

पावणेआठनंतर पश्चिमेच्या कड्यावर जावं. पाठीशी ऊन, समोर खाली धुकं असेल तर दोन गोष्टी दिसू शकतात. एक धुक्याचं धनुष्य, पांढरं, ३५ ते ४० अंश त्रिज्येचं, रुंद लेन्सशिवाय न मावणारं. दुसरं इंद्रवज्र: आपल्या सावलीच्या डोक्याभोवती छोटं रंगीत वर्तुळ. हरिश्चंद्रगडावरून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पाहिलेल्या अशाच वर्तुळांची नोंद १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर काढून टाका. पांढरं धनुष्य त्यानं पुसलं जाऊ शकतं आणि फोटोत नुसतं धुकं येतं. कठड्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही. ओलं गवत कड्याकडेच उतरतं.

सव्वाआठला धुकं उठलं. खालची जमीन तापली की थर सैल होतो, चढणीनं वर सरकतो आणि बघता बघता आपल्यालाच गिळतो. मग वीस मिनिटं काही दिसत नाही. तेव्हा बॅग भरावी, पिठलं-भाकरी खावी आणि रोपवेची रांग धरावी.

दुपारी पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड.

दिवस तिसरा: रसाळगड

या दौऱ्यातली सर्वांत फळलेली सकाळ ही, आणि किल्ला सगळ्यांत कमी बोलबाल्याचा.

रसाळ, सुमार, महिपत ही तीन गडांची रांग सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर आहे आणि मधे जगबुडीचं खोरं. रसाळगड दक्षिण टोकाला, उंची साधारण ५४० मीटर. तिघांत सगळ्यांत सोपा: रसाळवाडीपर्यंत गाडी, पुढे अर्ध्या तासाची चाल, दोन दरवाजे, माथ्यावर झोलाई-वाघजाईचं देऊळ आणि गवतात पडलेल्या तोफा. फोटोच्या दृष्टीनं पूर्वेला आणि ईशान्येला मुख्य धार, उत्तरेला सुमार आणि महिपतचे माथे, आणि या सगळ्यांच्या मधली जागा धुक्यानं भरायला मोकळी.

खेडमधून निघताना एक चूक हमखास होते. खोलीत रात्रभर एसी, कॅमेरा टेबलावर. पहाटे बाहेर १७ अंश आणि शंभर टक्के आर्द्रता, लेन्स त्याहून गार नसेल तर काही होत नाही. पण एसी १६ वर असेल तर काच बाहेर येताक्षणी पांढरी होते आणि पुसली की पुन्हा पांढरी. पुसून उपयोग नाही, काच बाहेरच्या हवेइतकी होईपर्यंत थांबावं लागतं. आतल्या काचांवर दमटपणा शिरला तर तासभर गेला. म्हणून बॅग चेन लावून रात्रभर गाडीच्या डिकीतच ठेवायची. गाडीतला एसीही पहाटे बंद, काचा उघड्या.

गावातून निघालो तेव्हा वायपर चालू ठेवून ताशी वीसनं जावं लागत होतं. रस्ता चढायला लागल्यावर वाडीच्या खालच्या एका वळणावर हवा एकदम बदलली. कोरडी, आणि चक्क कोमट. खाली मीटर १६ दाखवत होता, या वळणावर १९. हेच ते झाकण. चढताना थंडी वाढायला हवी तिथं ऊब लागली, की थराचा माथा आला असं समजायचं. गाडी थांबवून उंची लिहून ठेवली: ३४० मीटर.

उंची मोजण्यात एक गोम आहे. काही फोन उपग्रहावरून मिळालेली उंची कसलीही दुरुस्ती न करता दाखवतात, आणि आपल्या किनाऱ्यावर ती समुद्रसपाटीपेक्षा साठेक मीटर कमी भरते. एखाद्या जेटीवर उभं राहून पाहावं. तिथं फोन उणे साठ दाखवत असेल तर पुढे दर वेळी तेवढे मिळवायचे. हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ असेल तर ते आदल्या संध्याकाळी माहितीच्या उंचीवर लावून घ्यावं. दाब एक हेक्टोपास्कलनं बदलला की त्याची उंची आठ-नऊ मीटर चुकते.

गड ५४०, थर ३४०. दोनशे मीटर. हे माप सोन्याचं आहे. तीन किलोमीटरवरच्या धुक्याकडे आता नजर चारच अंश झुकते. लाटा एकीमागे एक उभ्या राहतात, मधले टेंगूळ बेटं होतात, आणि थराच्या काठावर झाडांचे शेंडे अर्धे आत, अर्धे बाहेर दिसतात. शंभर मीटरच्या खाली आलं तर धोका वाढतो. थर थोडासा श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो आणि जवळ उभा असलेला त्यात बुडतो. दीडशे ते अडीचशे, एवढीच खिडकी.

तटावर ट्रायपॉड लावताना मधली दांडी वर काढली नाही, पायांचे जाड भागच लांब केले आणि बॅग खालच्या हुकाला अशी टांगली की तळ जमिनीला टेकेल. नुसती लोंबकळती बॅग झोक्यासारखी हलते आणि उलट नुकसान करते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद.

गवतावर दंव किती होतं हे पाहण्यासारखं होतं. तटाच्या कडेला कुसळी गवताच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला एक थेंब, पात्यांमधून कोळ्याचं जाळं, आणि जाळ्याच्या प्रत्येक धाग्यावर मोहरीएवढ्या थेंबांची ओळ. धुकं इथवर आलं नव्हतं. पण निरभ्र आकाशाखाली पातं हवेपेक्षा गार होतं आणि आपल्यापुरतं पाणी गोळा करतं. लेन्सची पुढची काच हेच करते. अर्ध्या तासाहून जास्त वेळ आकाशाकडे तोंड करून ठेवली तर तिच्यावरही दंव पडतं. हात शेकायची रासायनिक पुडी लेन्सच्या नळीला रबर बँडनं बांधली की प्रश्न मिटतो. पुडी नसेल तर हूड लावून कॅमेऱ्याचं तोंड जरा खाली ठेवा आणि दर दहा मिनिटांनी टॉर्चच्या उजेडात काच तपासा.

इथं एनडी फिल्टरचा, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या गडद काचेचा, उपयोग झाला. धुकं वाहतंय, पण डोळ्याला कळत नाही इतकं हळू. ६ स्टॉपचा फिल्टर लावला तर १/८ सेकंदाचे ८ सेकंद होतात, लाटांची टोकं मऊ होतात पण आकार राहतो. १० स्टॉपचा लावून मिनिटभर उघडं ठेवलं की सगळं गुळगुळीत, निर्जीव. पुष्कळांना तेच आवडतं. इथल्या लाटांना दरीच्या वळणाचा आकार असतो, तो घालवून काय मिळवायचं ते कळत नाही. ४ ते १५ सेकंदांच्या मधे राहावं.

आकाश आणि धुकं यांत उगवतीच्या वेळी तीन स्टॉपचा फरक पडतो. डोंगराची धार वाकडीतिकडी, म्हणून कडक धारेचा ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली स्वच्छ काच) सुमारगडाचा माथाच काळा करतो. मऊ धारेचा दोन स्टॉपचा चालतो. नाहीतर कॅमेरा न हलवता दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त अशा तीन फ्रेम घ्याव्यात. मात्र तिन्ही लागोपाठ. मधे अर्धं मिनिट गेलं तर लाट सरकते आणि जोडताना भूत दिसतं.

टाइमलॅप्ससाठी दर ४ सेकंदांनी एक फ्रेम. २५० फ्रेम म्हणजे १७ मिनिटं, त्याची १० सेकंदांची फीत होते. शटर निदान २ सेकंदांचं ठेवावं, नाहीतर चालताना धुकं फडफडतं. या कामाला दुसरा कॅमेरा नसेल तर टाइमलॅप्स सोडून द्यावा. ऊन पोहोचण्याची वेळ आणि टाइमलॅप्सची वेळ एकच असते.

फोनवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. दोन किंवा तीन पटींची लेन्स निवडा, सर्वांत उजळ लाटेवर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि उजेड पक्का होतो, मग उजेड थोडा खाली ओढा. झूम त्यापुढे ताणू नका, रवा होतो.

इथं ऊन धुक्यावर ७.१५ ला पोहोचलं आणि ७.५० पर्यंत काम चाललं. शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यांत सरस. थर सुटायला लागतो, बेटांच्या भोवती फाटतो, खालून एखादं कौलारू घर, भाताच्या उडव्या, एखादा धुराचा दोर दिसतो. रुंद लेन्स बाजूला ठेवून २०० मिलिमीटरवर असे तुकडे शोधावेत. उभ्या फ्रेमचा पॅनोरामा करायचा तर ७० मिलिमीटरवर सात फ्रेम, एकीवर दुसरी निदान तिसरा हिस्सा, एक्स्पोजर मॅन्युअल, आणि डावीकडून उजवीकडे झटपट.

दिवस चौथा: मळभ

रात्री दहाला चंद्राभोवती खळं दिसलं. उंचावर बर्फकणांचे पातळ ढग आल्याची ती खूण. गजर बंद करून झोपलं तरी चाललं असतं. खात्रीसाठी पहाटे पाचला बाहेर डोकावलो: २१ अंश, वारा नाही, रस्त्यावर दंवही नाही. जमीन गारच झाली नव्हती. खात्री करायची असेल तर गाडीच्या टपावर हात फिरवावा. टप कोरडा असेल तर डोंगर चढू नये.

तो दिवस फाइली धुण्यात, म्हणजे संगणकावर फोटो सुधारण्यात, गेला. दोनच गोष्टी सांगण्यासारख्या. धुक्याच्या फोटोला "डीहेझ" (धूसरपणा कमी करणारी सरकपट्टी) उजवीकडे ओढायला हात शिवशिवतो. दहाच्या वर गेलं की पांढऱ्या लाटांना काळ्या कडा येतात आणि आकाश घाण होतं. त्याऐवजी फक्त डोंगराच्या धारा निवडून तिथला कॉन्ट्रास्ट वाढवावा, धुकं आहे तसं सोडावं. दुसरी गोष्ट सेन्सरवरची धूळ. एफ १६ वर काढलेल्या सपाट पांढऱ्या भागात प्रत्येक कण डागासारखा उठतो. एफ ८ वर राहिलं तर निम्मी डोकेदुखी संपते, उरलेली फुंकणीनं. जेपीईजीत काढलेल्या आकाशात रंगांच्या पायऱ्या पडल्या होत्या. रॉ फाइलींत त्याच आकाशाचा उतार सलग होता.

दुपारी ढग पांगले. मंडणगडमार्गे बाणकोट.

दिवस पाचवा: बाणकोट, सावित्रीचं मुख

महाडवरून खाली आलेली सावित्री इथं समुद्राला मिळते, पलीकडच्या काठाला हरिहरेश्वर. टेकडीवरच्या बाणकोट किल्ल्याला इंग्रजांनी १७५६ मध्ये घेतल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. किल्ला लहान, पण फोटोला लागतो तो त्याचा खाडीवरचा तट.

इथलं धुकं वेगळ्या चालीचं. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारं सुटतं आणि खाडीच्या दोन्ही काठांवर साठलेली गार हवा नळीतून ओतावी तशी मुखाकडे ढकलते. त्याबरोबर धुक्याचा पातळ पट्टा वाहत येतो, जाडी तीस-चाळीस मीटर. म्हणून शंभरेक मीटरची टेकडीही पुरते. पट्टा मुखाच्या बाहेर फार जात नाही. डिसेंबरातही समुद्राचं पाणी २७ अंशांच्या आसपास असतं, खालून ऊब लागली की धुकं विरतं. ही विरण्याची कड फोटोत येते: आत पांढरं, बाहेर शिसवी पाणी, मधे सुटे धागे.

पूर्वेला जवळ उंच भिंत नाही, त्यामुळे रायगडासारखा अर्धा तास थांबावं लागत नाही. सूर्य दिसताच पट्ट्यावर ऊन, आणि तेही समोरून. समोरच्या उजेडात धुकं आतून पेटल्यासारखं दिसतं, मागच्या टेकड्यांच्या धारा एकीपेक्षा दुसरी फिकट होत जातात. लेन्सवर बोटाचा ठसा असला तर आख्खी फ्रेम दुधाळ होते, म्हणून आदल्या रात्रीच काच स्वच्छ करावी. सूर्याची चकती फ्रेममध्ये घ्यायची तर ती धारेआडून अर्धी निघते तेवढ्याच वेळात, एफ १६ वर, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला न लावता पडद्यावर पाहून. मच्छीमार होड्या पट्ट्यातून बाहेर पडतात तेव्हा शटर १/२५० पेक्षा मंद नको. होडी पुसट आली तर धुक्याचं मापच कळत नाही.

मतलई आठ-साडेआठला पडतं. मग अर्धा तास हवा थांबते आणि दहानंतर खारं वारं सुरू होतं. तोवर धुक्याचा मागमूसही राहत नाही. खाऱ्या हवेत दोन तास राहिलेले फिल्टर कोरड्या कापडानं पुसायचे नाहीत, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यात भिजवलेलं मऊ कापड, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय बादलीभर गोड्या पाण्यात धुवून, सांधे उघडे ठेवून उन्हात वाळवावेत. परतीला वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते.